जतकडच्या भिंतीवरची खूण

"मग शेवट माझा का न्हाई, उस्ताद?"

श्रेणिक मगदूमने पुन्हा तेच विचारलं. जीप जतकडची डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागली होती. टपावर बांधलेल्या सायकली खडखडत होत्या, आणि शेजारी बसलेले इलाही उस्ताद कॅमेऱ्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

मिरजेत उस्ताद म्हटलं की लोकांना तंबोरा आठवतो. हे उस्ताद वेगळे. बुटक्या, लहान चाकांच्या बीएमएक्स सायकलीचे. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर... या पट्ट्यात जी पोरं कठड्यांवरून आणि जिन्यांवरून सायकली उडवतात, त्यांना नीट पडायला यांनीच शिकवलं.

अधूनमधून ते चार पोरं जीपमध्ये कोंबायचे, गावोगाव हिंडायचे आणि त्या भटकंतीचा व्हिडिओ काढायचे. व्हिडिओत जागा सगळ्यांना मिळे. शेवटची क्लिप मात्र एकाचीच. ती ज्याची, त्याच्यापुढे पुढचा व्हिडिओ येईपर्यंत कुणी मान वर करायची नाही. तिच्यापायी पोरांनी दात पाडून घेतले होते, मनगटं मोडून घेतली होती.

श्रेणिकला ती हवी होती. इतकी, की तिच्यावाचून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. वडिलांनी बजावून ठेवलं होतं: ही भटकंती शेवटची, परत आलास की गुमान हळदीच्या पेढीवर बसायचं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"माझ्याएवढं कोण करतंय? सांगा की."

"कोन न्हाई."

"मग?"

उस्तादांनी काच उन्हाकडे धरून पाहिली.

"भिंत येऊ दे."

मागच्या बाकावरून वृषाली आवटी हसली. "उस्ताद, ह्याला हार घालूनच आनायचा हुता."

भिंत आली, आणि जीपमधलं हसणं थांबलं.

जुन्या तलावाचा सांडवा होता तो. तलाव कधीचा गाळाने भरून आटलेला. अलीकडे काँक्रीटचा लांबलचक उतार, त्याच्या तळाला गुळगुळीत, वर वळत जाणारा बाक, आणि बाकातून वर उठलेली ती भिंत. उठली ती सरळ आभाळालाच भिडली होती. श्रेणिकने खूप भिंती पाहिल्या होत्या. हिच्यापुढे आपण नकळत चप्पल शोधतोय, काढून ठेवायला, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो स्वतःवरच चिडला.

या मंडळींची एक रीत आहे. भिंतीवर चाक चढवलं की टायरचा काळा पट्टा उमटतो. वर जातो, वळतो, खाली येतो. पट्ट्याचं वरचं टोक जिथे, तिथे खडूने गोल काढायचा आणि आत आपलं अक्षर लिहायचं. मग वाद संपला.

वृषाली गेली. छान गेली. तिचा गोल बऱ्यापैकी उंचावर निघाला.

मग श्रेणिक.

तो उताराच्या माथ्यावरून सुटला, बाकात दबला आणि भिंतीवर सणसणत चढला. अगदी वर, वेग संपता संपता, त्याने हँडल फिरवलं आणि अलगद खाली आला. एक पायसुद्धा टेकला नाही. सगळे ओरडले. वृषालीनेही टाळी वाजवली, आणि ती मनापासूनची होती.

भिंतीच्या अंगाला लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. श्रेणिक खडू दातात धरून कड्यांवरून वर गेला. गोल काढला. आत ऐटीत 'श्रे' लिहिलं. फोटो नीट यावा म्हणून त्याने एका हाताने कडी धरून अंग मागे झोकलं... आणि त्याची नजर वर गेली.

त्याच्या गोलाच्या वर एक पट्टा होता.

पुसट, राखाडी. जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही असा. भोवती गोल नाही, अक्षर नाही.

तो आणखी दोन कड्या चढला. बोट फिरवलं. टायरच. नक्षीसुद्धा कळत होती, जुन्या धाटणीची, आता कुठे न मिळणारी.

त्याने पट्टा वळतो कुठे ते शोधलं. पट्टा वळतच नव्हता. भिंतीच्या माथ्यापर्यंत सरळ गेला होता, आणि तिथे भिंत संपली होती.

श्रेणिक माथ्यावर छाती टेकून पलीकडे वाकला. पलीकडे तेवढीच खोली. तळाला नुसते दगड.

"उस्ताद! ही खूण कुनाची?"

उस्ताद भिंतीच्या आणखी जवळ आले.

"तुमची?"

उस्तादांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"म्या हितं पयल्यांदा आलो तवा माझी दाढी काळी हुती," ते म्हणाले. "तवाबी ही अशीच हुती."

"पावसानं जायला पायजे हुती."

"पायजे हुती."

"आनि उतरला कुठं?"

"एवढ्या पोरांना आनलं," उस्ताद म्हणाले. "सगळी गोल काढतात, फोटो काढतात, खाली येतात. वर कुनी बघत न्हाई."

श्रेणिक उतरला. आपल्यापेक्षा कुणी सरस निघालं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वृषाली तर एक पाऊल मागेच सरकली. पण आज तिडीक नव्हती. त्याला भरून आलं होतं. कुणी तरी इथे एकटं आलं असेल. कॅमेरा नाही, टाळी नाही, नाव नाही. आलं, आणि वर निघून गेलं. एवढं मोठं काही तरी जगात आहे आणि ते आपल्याला दिसलं.

त्याने सायकल उचलली आणि उताराच्याही मागे, पार बाभळींपर्यंत नेली.

उस्ताद भिंतीच्या पायथ्याशी, जरा बाजूला, पाठीवर आडवे झाले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

तो सुटला. बाक आला, गेला. वृषालीचा गोल गेला. स्वतःचा गोल गेला, त्याने तिकडे पाहिलंही नाही. चाक पुसट पट्ट्याला लागलं. हँडल वळवायचा क्षण आला, आणि त्याने वळवलं नाही. उजवा हात सुटला. तो तळवा त्याने त्या राखाडी खुणेवर ठेवला, जसा कुणाच्या पायांवर ठेवावा तसा.

पापणी लवेपर्यंतच. मग वजनाने आपलं काम केलं.

तो गुडघ्यांवर, मग कोपरावर घसरत आला. सायकल वेगळीकडे जाऊन आदळली. वृषाली पाण्याची बाटली घेऊन धावली.

"मेला न्हाईस न्हवं?"

"न्हाई." तो हसत होता. कोपर सोलवटून निघालं होतं तरी हसत होता.

उस्ताद उठून त्याच्याजवळ येऊन बसले.

"ही क्लिप पुसून टाका, उस्ताद," श्रेणिक म्हणाला. "आधीची नीट उतरलोय, ती कुठंतरी मधी घाला. शेवट कुनालाबी द्या."

"आधीची मधी घालतो," उस्ताद म्हणाले. "शेवटी ही."

"ही?" वृषालीच बोलली. "उस्ताद, पडलेलं कोन घालतं का?"

आणि ते खरंच होतं. दात गेले तरी चालतील, पण क्लिप नीट उतरलेलीच हवी; पडलेली क्लिप शेवटाला आजवर कुणीच लावलेली नव्हती.

उस्तादांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा श्रेणिककडे वळवला.

पडद्यावर श्रेणिक चढत होता. वर, वर. हात सुटला. तळवा खुणेवर टेकला. पुढच्या क्षणी तो तिथे नव्हता. कॅमेरा मात्र हलला नव्हता. तिथेच थांबला होता... राखाडी पट्टा, भिंतीची कड, वर आभाळ.

किती तरी वेळ नुसतं तेवढंच.

श्रेणिकने पडद्यावर बोट ठेवलं.

"पन ह्यात मी पडलोय, उस्ताद."

उस्तादांनी कॅमेरा फडक्यात गुंडाळला.

"पडलास?... म्या तर तुला खाली येताना बघितलंच न्हाई."