रानोबाची चाके

धामणखेडहून येणारा नवा रस्ता सरळ येतो आणि उड्डाणपुलाच्या अलीकडे उगाच वळल्यासारखा वळसा घेतो. वळशापुढे, पुलाखाली, रानोबाचा गाडा उभा आहे. देवाला ना चौथरा, ना गाभारा. काळ्या दगडाखाली आहेत ती चार लाकडी चाके.

आजूबाजूच्या नव्या टॉवरमध्ये राहायला येणारी माणसे इथे बाभळीची पाचर घेऊन येतात आणि चाकापुढे ठोकतात. "काका, देऊळ का नाही बांधलं?" असे कोणी विचारले, की येसाजी गुरव म्हणतात, "देव थांबला की बांधू." मग ते हकिकत सांगतात.

रानोबा हा धामणखेडच्या शिवेचा देव. त्याच्या पाठीशी गाव, डोळ्यांपुढे रान. त्याच्यापुढे घर बांधायचे नाही, असा गावाचा शब्द होता. गाव वाढवायचे तर आधी देव पुढे न्यायचा, आणि तोही घरटी एक खांदा लावून. दगड असा जड होता, की एक खांदा कमी पडला तरी जागचा हलत नसे. त्यामुळे सगळ्यांची समजूत पटल्याशिवाय गाव वाढत नव्हते.

त्या गावात म्हाळू सुतार राहायचा. हात कसबी, स्वभाव घाईचा. धाकट्या भावाचे, भिकूचे, लग्न झाले आणि एका छपराखाली दोन चुली धुमसू लागल्या. गावात जागा उरली नव्हती. भिकूने परगावी जायला बोचके बांधले, तेव्हा म्हाळू घरोघर फिरला. सगळ्यांनी खांदा कबूल केला. राही म्हातारीने मात्र केला नाही. रानोबाच्या पुढच्या माळावर तिची मेंढरे चरत.

"एका घराची तर जागा मागतोय, आत्ये," म्हाळू म्हणाला.

"आज तुझ्या भावाचं घर. उद्या दुसऱ्याच्या. भाऊ काय तुला एकट्यालाच आहे? मग मी मेंढरं तुमच्या छपरावर चारू?"

म्हाळू तडक घरी आला आणि त्याने लाकूड तासायला घेतले. ही एक म्हातारी सगळ्या गावाला अडवते, याचा त्याला संताप आला होता. त्याने बैठा गाडा केला, दगडाखाली पहारी घालून देवाला त्यावर सरकवले, आणि मग, म्हणे, चार गड्यांनी रानोबा हसतखेळत पुढे नेला. भिकूचे बोचके सुटले. गावाने म्हाळूला खांद्यावर घेतले.

राही गाड्याभोवती एक फेरी मारून आली. चाकावरून हात फिरवत म्हणाली, "चाकं झ्याक झालीत रे. थांबवायचं काय केलंस?"

म्हाळू हसला. अशा चांगल्या दिवशी असे विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचे?

पुढच्या चैत्रात कोणाचा मेहुणा आला, त्याच्या पुढच्या चैत्रात कोणाचा जावई. आता कोणाला विचारायला लागत नव्हते. चार गडी जमले की गाडा पुढे. करवंदीच्या जाळ्या गेल्या, पाणवठ्याची वाट गेली. भिकूने आपल्या घरापुढे भाड्याच्या खोल्यांची ओळ काढली. एके दिवशी राही उरलेली मेंढरे घेऊन गेली ती परतलीच नाही. म्हाळू तिला शोधायला निघाला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की माळ कुठून सुरू होत होता तेच आता ओळखू येत नाही.

तो पंचांपुढे उभा राहिला. "चाकं काढू द्या. देव पुन्हा खांद्यावर घेऊ."

"तुझा भाऊ बसला ना घरात? मग आता आमच्याच वेळेला बरी आठवण झाली," एकजण म्हणाला. सगळे हसले. बोलणे खरे होते.

त्या चैत्रात त्याने बाभळीची पाचर चाकापुढे ठोकली आणि चाकाला पाठ टेकून बसला. गाडा ओढायला आलेल्यांत भिकूही होता. "दादा, ऊठ. लोक हसतायत."

"हसू देत. तू खांदा लाव, मी उठतो."

भिकू गाड्याकडे वळला. कोणी म्हाळूला हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्यांनी गाडा हळूच मागे घेतला आणि त्याला वळसा घालून पुढे नेला. म्हाळू तिथून उठलाच नाही, असे सांगतात. लोक आपल्या वाटेने जात राहिले, त्या वळशाची पायवाट झाली, तिच्यावरून बैलगाड्या गेल्या, पुढे डांबर पडले.

"म्हणून पाचर ठोकायची," येसाजी सांगतात. "पण एक बघा. स्वतःचं घर झाल्याशिवाय आजवर कोणी पाचर घेऊन आलेलं नाही. मीही मुलाचा फ्लॅट झाल्यावरच ठोकली."

आजही चैत्रात नव्या इमारतीचे भूमिपूजन ठरले, की आदल्या दिवशी पाचरी उपसून पोत्यात भरल्या जातात आणि गाडा पुढे सरकतो. आजही देवाचे तोंड रानाकडेच ठेवतात. सध्या समोर पत्र्याचे उंच कुंपण आहे. त्यावर हिरवागार माळ छापला आहे, आणि माळावर कुणाची तरी मेंढरे.