खिडकीतून दिसणारी स्कूटर

“…आणि तरी ती नर्सबाईंना सांगते, माझा मुलगा आलाच नाही म्हणून. रोज जातोय मी, बाबा. रोज! याला काय म्हणायचं?”

सोमगिरीबाबांनी मठाच्या भिंतीला पाठ टेकली. सकाळपासून माणसांची रीघ लागली होती, आणि प्रत्येकजण शेवटी हेच विचारत होता. बाबांचं वय ऐंशीच्या पुढचं. गुडघे कामातून गेलेले. कंटाळा लपवायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

समोर बसला होता जालिंदर भोईटे, साखर कारखान्याचा स्टोअरकीपर. बावीस वर्षांत त्याच्या स्टोअरमधून एक नटबोल्टही इकडचा तिकडे झाला नव्हता. ही गोष्ट त्यानं बसल्या बसल्या दोनदा सांगितली होती.

“आईला काय झालंय?”

“खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात आहे, अठरा दिवस झाले.”

“डोकं?”

“शाबूत आहे म्हणतात डॉक्टर. मला नाही पटत. मी तासभर उभा असतो तिथं, आणि म्हणते आलाच नाही!” त्याचा आवाज खाली आला. “चार दिवस झाले, जेवण सोडलंय तिनं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल हो, पण त्यांनी मनच काढून घेतलंय…”

बोलता बोलता त्यानं मान वळवली आणि दाराबाहेर पाहिलं.

बाबांनीही पाहिलं. चौदा पायऱ्या खाली, चिंचेखाली, एक करडी स्कूटर उभी होती. तिच्या मागच्या दांडीला हेल्मेट बांधलेलं. हेल्मेटचा पट्टा सीटखालच्या हुकात. हनुवटीपुढच्या पट्टीतून सायकलची साखळी, तीच पुढे जाकिटाच्या बाहीतून, आणि शेवटी कुलूप. बंदोबस्त बघून चोरालाही दया यावी.

“बरीच बांधाबांध केलीस.”

“करावी लागते, बाबा. पहिलं हेल्मेट दवाखान्याच्या आवारातनंच गेलं. पट्टा कापून नेलं. आत घेऊन जावं, तर वॉचमन सोडत नाही.” तो जरा थांबला. “आईनंच घ्यायला लावलेलं ते. धाकटा भाऊ रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा तिनं मला शपथ घातली, की डोक्यावर हेल्मेट नसेल तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते चोरीला गेलं हे तिला अजून सांगितलेलं नाही. हे दुसरं आहे. हे मी जाऊ देणार नाही.”

“बरोबर आहे तुझं.”

जालिंदरला बरं वाटलं. कुणीतरी बरोबर म्हटलं की थकलेल्या माणसाला बरं वाटतं.

“ऊन येतंय तुझ्या अंगावर,” बाबा म्हणाले. “इकडं सरक.”

तो सरकला. दोन मिनिटांत परत पहिल्या जागी आला. तिथून चिंच दिसत होती.

बाबा हळू आवाजात काहीतरी बोलले. जालिंदरनं मान डोलावली.

“काय म्हणालो मी?”

जालिंदरची नजर अजून चिंचेकडेच होती.

“आत्ता, मान डोलावलीस ना? काय म्हणालो?”

जालिंदर ओशाळला. “माफ करा, बाबा. खाली दोन पोरं गाडीजवळ थांबली होती. गेली आता.”

बाबांनी डोळे मिटले. रागावले असं वाटलं, पण ते रागावले नव्हते. दमले होते.

“दवाखान्यात आईची खाट कुठं?”

“खिडकीशी!” जालिंदर ताठ बसला. “आधी भिंतीकडची होती. वशिला लावून बदलून घेतली. खिडकीतनं सगळं आवार दिसतं. चार ते पाच भेटायची वेळ. मी बरोबर चारला जातो आणि पाचच्या ठोक्यापर्यंत खिडकीत उभा असतो. गाडीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. अठरा दिवस, बाबा, एक दिवस चुकवला नाही!”

“आणि आई?”

“ती मागं असते ना. खाटेवर.”

जालिंदर पुढे काही बोलणार होता, तोंड उघडलंही होतं, पण ते तसंच राहिलं.

खरं सांगायचं तर ही हकीकत ऐकली तेव्हा मला त्याचा रागच आला होता. पण माणूस आळशी नव्हता, निर्दयी तर नव्हताच. सकाळपासून स्टोअर सांभाळायचं, मग बावीस किलोमीटर गाडी हाकायची, तासभर उभं राहायचं, परत जायचं. इतकं करून हाती काय, तर आलाच नाही! त्याच्या जागी कुणीही असता तरी वैतागलाच असता.

बाबा भिंतीला धरून उठले. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर. “आई गं…” त्यांच्या तोंडून निघालं.

“कुठं निघालात, बाबा?”

बाबा पायऱ्या उतरू लागले. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. चौदा पायऱ्यांना त्यांना बराच वेळ लागला. जालिंदर मागून हात पुढे करत उतरत होता, आणि बाबा तो हात झिडकारत होते.

चिंचेखाली स्कूटरशेजारी एक धोंडा होता. बाबा त्यावर बसले. उजवा हात हेल्मेटवर ठेवला.

“तीनची एसटी येईल आता. जा.”

“कुठं?”

“आईकडं.”

“एसटीनं? पण गाडी आहे की माझी!”

“गाडी इथंच राहू दे. मी बसतो.”

“तुम्ही कशाला बसताय, बाबा? साखळी आहे, कुलूप आहे…”

“साखळीवर तुझा विश्वास नाही,” बाबा म्हणाले. “माझ्यावर आहे का, तेवढं सांग.”

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. त्यानं एकदा स्कूटरकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि रस्त्याकडे धावला. बसमध्ये बसल्यावर त्यानं मागच्या काचेतून पाहिलं म्हणतात. धुळीत काही दिसलं नाही.

दुपारी दर्शनाला आलेली माणसं चक्रावली. बाबा मठात नाहीत, खाली गाडीपाशी! कुणी पाया पडलं ते तिथंच, रस्त्यावर. कुणी विचारलं, बाबा, नवी घेतली का? बाबांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं. ताट वाढून वर ठेवलं होतं, ते निवून गेलं. खाली घेऊन येऊ का म्हटलं, तर बाबा नको म्हणाले. ऊन सरकलं तसं त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं. पण ते धोंड्यावरून उठले नाहीत.

सहाच्या एसटीनं जालिंदर उतरला.

तो थेट स्कूटरकडे गेला नाही. आधी बाबांसमोर मातीतच बसला.

“भेटली?”

“भेटली.”

“आधी सवयीनं खिडकीतच गेलो,” जालिंदर म्हणाला. “खाली बघितलं तर आपली गाडी नाही. मग काय बघू? तिथं उभं राहून करायचं काय तेच कळेना. खाटेखाली स्टूल होतं. अठरा दिवसांत मला ते दिसलंच नव्हतं. ओढलं आणि बसलो.”

“मग?”

“बराच वेळ नुसती बघत राहिली माझ्याकडं. मग म्हणाली, जालिंदर, केस पांढरे झाले की रं तुझे. कधी झाले?”

जालिंदरनं स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

“चार घास खाल्ले तिनं. माझ्या हातनं. तिचा हात केवढा बारीक झालाय, बाबा. मला माहीतच नव्हतं. हेल्मेट गेल्याचंही सांगून टाकलं. हसली. म्हणाली, डोकं आणलंस ना घरी, मग झालं.”

एवढं बोलून तो रडला. मोठा माणूस, स्टोअरकीपर, रस्त्याच्या कडेला मातीत बसून हमसून हमसून रडला. जाणारे येणारे बघत होते. त्यानं डोळेही पुसले नाहीत.

मग उठला. किल्ली काढून कुलूप उघडलं. साखळी सोडवली, जाकीट खांद्यावर टाकलं. हेल्मेट घ्यायला गेला, तर बाबांचा हात अजून त्यावरच होता. तीन तासांत बोटं आखडून गेली होती. जालिंदरनं ती एकेक करून सोडवली.

“कुलूप होतं, बाबा,” तो हळूच म्हणाला. “कोण नेणार होतं? या वयात, उन्हात, उपाशी… कशाला बसून राहिलात?”

बाबांनी उठण्यासाठी त्याच्यापुढे हात केला.

“माझी आई होती तेव्हा मला असं कुणी बसणारं भेटलं नाही रे.”