अडकलेला मोर

"हातोडीनं ठोकला तर सुटेल का हो, बाबा?"

विश्राम पोतनीस चिंचेखाली अजून नीट टेकलाही नव्हता. त्याने पिशवीतून पुरचुंडी काढली, पुरचुंडीतून कापूस, कापसातून पंच. कागदातून मोराचा आकार कापून काढणारा. खटका खाली गेलेला तो तिथेच रुतून बसलेला. वर यायचं नाव नाही.

दस्तगीरबाबांनी पंचाकडे बघितलं. मग विश्रामकडे.

"हातोडीनं काहीतरी सुटेलच," ते म्हणाले.

दर्ग्याच्या ओट्याशी बसून उरुसासाठी कागदी फुलं पाडणारे हे फकीर. पंच एकच, पाच पाकळ्यांचा, तोही तीस वर्षांचा. गावात सांगतात, एका वर्षी बाबांनी इतकी पिवळी फुलं पाडली, की आग्या मोहोळ नदीपलीकडून उठून या चिंचेवर आलं. फसगत कळल्यावर माश्या लाजेकाजेखातर इथेच राहिल्या. खरं-खोटं त्यांनाच विचारायला हवं, पण तेवढं वर चढायची हौस अजून कुणाला झालेली नाही.

विश्राम या बाबांचाच चेला. आता त्याच्याकडे चौसष्ट पंच होते, भिंतभर कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं आणि स्वतःच्या नावाचं कार्ड होतं. ते त्याने आल्या-आल्या बाबांपुढे ठेवलं होतं. जाड, चकचकीत, कडेने सोनेरी रेघ. 'विश्राम पोतनीस, कागद-कलाकार.' वरचा कोपरा तेवढा उंदराने कुरतडल्यासारखा.

"घाईत जरा फाटलं," विश्राम म्हणाला होता.

बाबांनी ते कौतुकाने फेट्याच्या घडीत खोचलं होतं.

"धार गेली होती का याची?" बाबांनी विचारलं.

"धार कशी जाईल? दर आठवड्याला बेगड कापतो मी याच्यात. तुम्हीच शिकवलंत."

"मग घासत असेल."

"बेगडीनंतर मेणकागद घालतो ना! लोण्यासारखा चालायचा. माझ्या हातून नाही हो अडकलेला."

"मग?"

"कुमुदनं अडकवला."

कुमुद म्हणजे त्याची बायको.

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? मी कपाटात ठेवला तेव्हा धडधाकट होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्या हातात, अन् असा! साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कोंबला असणार. वर म्हणते, मी कागद घालायच्या आधीच असा होता. आता बोला!"

"तू काय बोललास?"

विश्राम कापूस सारखा करत राहिला…

"बोललो काहीतरी."

बाबांनी एक फूल पाडलं. दुसरं पाडलं.

"म्हणालो, ज्यातली अक्कल नाही त्याला हात लावू नये माणसानं."

"आणि ती?"

"नऊ दिवस झाले. चहा येतो. कपबशी वाजते. तिचा आवाज नाही." विश्रामने घसा खाकरला. "ते जाऊ द्या. आधी पंचाचं बघा."

"घेतलास कुठून हा?"

"…तिनंच आणलेला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा."

वर मोहोळ गुणगुणत होतं.

मग बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले.

"चल."

"कुठं?"

"कुल्फी खायला."

"बाबा, मी पंचाचं विचारतोय!"

"मी पंचाचंच सांगतोय."

दर्ग्याच्या कमानीपाशी सिद्रामची कुल्फीची गाडी उभी होती. बाबांनी पंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, घट्ट गाठ मारली आणि सरळ सिद्रामच्या मिठाच्या बर्फात खुपसला.

"बाबा!" सिद्राम कळवळला. "गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"मोराची कुल्फी म्हणून सांग. रांग लागेल."

विश्रामच्या हातात कुल्फी आली. त्याने ती तीन घासांत संपवली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून मटकन खाली बसला. डोळ्यांतून पाणी.

"झालं का?" डोळे मिटलेले असतानाच त्याने विचारलं. "काढू पंच?"

"सिद्राम, याला अजून एक दे," बाबा म्हणाले. "आणि तू, ही चाटून खा."

दुसरी कुल्फी चाटून खायला वेळ लागला. अर्ध्यावर विश्राम गाडीला टेकला. काडी दिसायला लागली तेव्हा तो सिद्रामशी वेलदोड्यावर बोलत होता, आणि हातोडीचा विषय बराच वेळ निघाला नव्हता.

मग बाबांनी पिशवी बाहेर काढली. पंच कोरडा पुसला. ठोकला नाही, हिसडला नाही. गारठ्याने आकसलेला तो त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबला.

टक्.

खटका वर आला. बाबांच्या तळव्यावर कागदाचा एक चिमुकला गठ्ठा पडला. जाड, चकचकीत. त्यावर अर्धाच कापलेला मोर. मान होती, तुरा होता, पिसारा नव्हता.

"बघा!" विश्राम ओरडला. "सांगत नव्हतो? पुठ्ठाच कोंबलेला!"

बाबांनी फेट्यातून कार्ड काढलं. नखाने गठ्ठ्याचे पदर सोडवले. एक, दोन, तीन, चार. एकेक पदर ते कार्डाच्या फाटक्या कोपऱ्याला लावून बघत गेले.

तिसरा बसला. सोनेरी रेघ रेघेला मिळाली.

विश्रामने तो पदर हातात घेतला.

"सत्काराला निघालो होतो," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "कार्डांवर मोर पाडावा म्हटलं. वेळ नव्हता, म्हणून चार एकदम घातली. अडकली. ओढून काढली, आणि पंच तसाच कपाटात… विसरूनच गेलो."

बाबा आपली कुल्फी चाटत होते.

"बाबा, ती म्हणाली होती हो. आधीच असा होता, म्हणाली होती."

सिद्रामने उगीचच गाडीवरचं फडकं झटकलं.

"आता मी काय बोलू तिच्याशी? तुम्ही दोन शब्द सांगा. तुमचे म्हणून सांगेन. तुमचं ऐकते ती."

"सिद्राम," बाबा म्हणाले, "एक मोठी बांधून दे."

सिद्रामने पानात बांधून दिली. बाबांनी ती विश्रामच्या एका हातात ठेवली, दुसऱ्या हातात पंच.

"अहो, पण बोलू काय?"

"घरापर्यंत दोन गल्ल्या आहेत," बाबा म्हणाले. "वितळायच्या आत पोच."