अंबूचा होकार

किती जुनी गोष्ट, ते मोजायला आता कुणी उरलं नाही. एका डोंगरी किल्ल्यावर एक किल्लेदार होता आणि त्याची अंबू नावाची मुलगी. आई गेली त्या दिवसापासून अंबूने तोंडातून शब्द काढला नव्हता. सहा महिने झाले, तरी पोर गप्पच.

बापाचा जीव तीळतीळ तुटायचा. त्याने वैद्य आणला, वैद्याने काढे पाजले. मांत्रिक आणला, त्याने मिरच्यांची धुरी दिली. जो आला तो थेट कामाला लागला. बाळ, तुला हे चालेल का, असं विचारायची तसदी एकानेही घेतली नाही. अंबू आणखीच मिटत गेली.

शेवटी पायथ्याच्या गावातून सगुणा मावशीला बोलावणं गेलं. लोक तिच्यापाशी मन मोकळं करायचे, पंचक्रोशीत नाव होतं तिचं. पण तिची एक खोड होती बरं का. काय काय होणार ते ती आधी सांगायची, समोरच्याकडून ते त्याच्या शब्दांत वदवून घ्यायची, आणि मगच पुढे जायची.

"करा सुरू," किल्लेदार म्हणाला. "माझा होकार आहे. ती काय बोलते ते मला येऊन सांगा."

"दुःख तिचं आहे, सरकार. होकारही तिचाच लागेल," मावशी म्हणाली आणि अंबूसमोर बसली.

"पोरी, मी तुला आईबद्दल विचारीन. त्रास होईल, थोडे दिवस रडू जास्तच येईल. गुण येईलच असं वचन देत नाही. तू सांगशील ते वडिलांनाही कळणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, तेही तुला आधी सांगून. तू पुरे म्हणालीस की थांबेन. चालेल?"

अंबूने नकारार्थी मान हलवली.

मावशी पदर सावरून उठली. अंबू बघतच राहिली.

किल्लेदार भडकला. "पोरीचं काय ऐकता? बसा खाली, नाहीतर कोठडीत टाकीन."

"टाका," मावशी शांतपणे म्हणाली. "पण तिच्या मनाविरुद्ध एकही प्रश्न विचारणार नाही."

काय बाईची हिंमत म्हणावी! किल्लेदार वाटेतून बाजूला झाला. मावशी गड उतरून गेली.

आठव्या दिवशी ती दारात शेंगा सोलत बसली होती. समोर अंबू येऊन उभी राहिली, एकटीच.

"त्रास होईल," अंबू घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बाबांना कळणार नाही. जिवाचं काही असलं तर सांगाल, पण आधी मला. मी पुरे म्हटलं की पुरे."

मावशीचे डोळे भरून आले, तरी खोड जाते कुठे? "एक राहिलं," ती म्हणाली.

"गुण येईलच असं नाही. तरी बोलायचंय मला."

त्या दिवशी आणि पुढे महिनाभर अंबू काय बोलली? ते मलाही ठाऊक नाही, मावशीने कुणाला सांगितलंच नाही. पण गडावर अंबूचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

एका संध्याकाळी किल्लेदार लेकीजवळ बसला. "अंबू, आईबद्दल बोलूया का गं?"

"आज नको, बाबा."

"बरं," तो म्हणाला, आणि तसाच तिच्याजवळ बसून राहिला.

तात्पर्य: ज्याला नाही म्हणायची मोकळीक असते, त्याचाच होकार खरा.