ट्यूबची मूठ

छावणीच्या गोल्फ मैदानावर मेंढ्या चरायच्या, तेव्हाची ही गोष्ट. गोल्फच्या एका जुन्या काठीची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. "उद्या ही भंगारात टाक," साहेब म्हणाला. काठ्या सांभाळणारा धोंडिबा मात्र सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून तिच्या मुठीवर ताणून गुंडाळू लागला.

"जरा सैल बांध की, जीव चालला!" काठी कळवळली.

"सैल बांधलं तर हातातून निसटशील. गप राहा."

चामडी मुठीची नवी काठी खिदळली, "काय गं आजी, पंक्चर काढून आलीस?"

दुपारी साहेबाच्या तळहातांना घाम सुटला. त्याने नवी काठी फिरवली, तर चेंडू जागेवरच राहिला आणि काठीच हातातून निसटून तळ्यात पडली. साहेबाने जुनी उचलली. ती घामातही निसटली नाही. भंगाराचं नाव मग त्याने काढलं नाही.

तळ्यातून बुडबुडे आले. "आजी, धोंडिबाकडे अजून ट्यूब उरली आहे का गं?"