मदतीचं कोरं पान

तालुक्याच्या वाचनालयात नवी संगणकप्रणाली बसली आणि ग्रंथपाल कुलथेबाईंच्या जिवाला घोर लागला. काही अडलं की ‘मदत’चं बटण दाबा, असं कंपनीनं सांगितलं होतं. बाईंनी दाबलं, तर डावीकडे प्रकरणांची यादी आणि उजवीकडे पांढरं फटक कोरं पान!

अशात कंपनीचे बोरावकेसाहेब ‘सर्व काही सुरळीत चालते’ असा दाखला न्यायला आले. एकदा तो दिला, की पुढे तक्रारीला जागाच नव्हती.

“अहो साहेब, मदतीचं पानच दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

साहेब खो खो हसले. “ते दिसायला काय करायचं, हे मदतीतच लिहिलंय. प्रकरण सातवं. ग्रंथपाल ना तुम्ही? वाचत चला जरा! करा सही.”

बाईंनी सही केली.

“आणि शिक्का? शिक्क्याशिवाय दाखला चालत नाही.”

“त्या कपाटात आहे.”

साहेबांनी कपाटाचं दार ओढून पाहिलं. कुलूप! “किल्ली कुठंय?”

“कपाटातच, शिक्क्याशेजारी. घ्या की काढून!”

“अहो बाई, कपाट उघडल्याशिवाय किल्ली मिळणार कशी?”

“तेच तर मी मघापासून विचारतेय, साहेब.”

साहेब संगणकापुढे बसले. मदतीची फाइल इंटरनेटवरून उतरवलेली, म्हणून संगणकानं परकी समजून तिची पानं अडवली होती. त्यांनी तो अडसर काढला आणि पान अक्षरांनी भरून गेलं.

बाईंनी सातवं प्रकरण शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग पर्समधून कपाटाची दुसरी किल्ली काढली.

“आमच्याकडे एक किल्ली बाहेर ठेवायची पद्धत आहे, साहेब.”