खोटी हजेरी

"चूक माझी नव्हतीच, मग मी का वाकायचं? तेवढं सांगा, बुवा."

दयाळगिरी बुवा मठाच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे होते सुभेदार केरबा हिंगमिरे. फौजेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण पाठ अजून परेडवरच होती. गावात त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि घरात चहा पाच मिनिटं उशिरा आला की ते नुसते घड्याळाकडे बघत. तेवढं पुरे व्हायचं. असा हा माणूस चार दिवस धड जेवला नव्हता, आणि त्यापायी स्वतःवरच चिडला होता.

"कुणापुढे वाकायचंय?" बुवांनी विचारलं.

"बाळकू तोरस्करपुढे. आमच्या पलटणीतला. रविवारी जुन्या जवानांचा मेळावा आहे. दरवर्षी असतो, मी कधी गेलो नाही. या खेपेला त्याच्याच घरी ठरलाय."

"मग?"

"मग काय मग! त्याच्या दारात जायचं म्हणजे..."

बुवा खडे वेचत राहिले.

शेवटी सुभेदारांनीच सगळं सांगून टाकलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बर्फातल्या चौकीवर बाळकू पहाऱ्यावर झोपलेला सापडला. केरबा तेव्हा नाईक होते, चौकी त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी तिथल्या तिथे वर कळवलं. बाळकूची लान्स नाईकची फीत गेली ती गेलीच. बिचारा साधा शिपाई म्हणून घरी आला, आणि हे सुभेदार झाले.

"पहाऱ्यावर झोपणं म्हणजे सगळ्यांच्या मानेवर सुरी, बुवा. नियम म्हणजे नियम. सांगा, चुकलो मी?"

"नाही."

खरं तर सुभेदारांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"फार थकला होता का?" बुवांनी विचारलं.

"...होता."

"कशानं?"

सुभेदार खालच्या ओढ्याकडे बघायला लागले.

"आदल्या दिवशी मी तापानं फणफणलो होतो. माझी पाळी त्यानंच केली. आपली करून वर माझी."

"हे वर कळवलं होतंस?"

"कुणी विचारलं नाही."

...

बुवांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. कोंबडी धावत आली, तिनं बघितलं आणि नाराज होऊन निघून गेली.

"शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं हो!" सुभेदार एकदम उसळले. "अबोला धरला असता तरी चाललं असतं. पण हा बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा मग भरून माझ्यापुढे ठेवतो आणि विचारतो, ताप उतरला का रे? काय करायचं अशा माणसाचं?"

"मेळाव्यात काय करता तुम्ही?"

"जेवणाआधी जुनी यादी काढतात. पूर्वीसारखी नावांची गिनती होते. नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. जे देवाघरी गेले, त्यांच्या नावाला सगळेच उभे राहतात, गुपचूप."

"आणि तुझ्या नावाला?"

"तेच तर सांगायला आलोय!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "चार दिवसांपूर्वी आमच्या पलटणीतला गुलाब शेख निमंत्रण द्यायला आला, त्याच्या तोंडून निघून गेलं. माझं नाव आलं की हा बाळकू उठतो, टाचा जुळवतो आणि खणखणीत आवाजात म्हणतो, 'हजर!' एकदा नव्हे, नऊ मेळाव्यांत नऊ वेळा!"

"बरं."

"बरं काय, बुवा! फौजेत याला खोटी हजेरी म्हणतात. गुन्हा आहे हा! मी इकडं उसाला पाणी देतोय आणि तिकडं हा खुशाल माझ्या नावानं ओरडतोय. वर आपल्या शेजारी माझं ताट मांडून घेतो. दुसऱ्या कुणाला तिथं बसू देत नाही, असला हेकट. गेल्या वर्षी एकानं हटकलंच, अरे, केरबा कुठं आलाय? तर हा म्हणतो कसा..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला... त्याला बरं नाही. त्याची पाळी माझ्याकडे आहे."

आणि सुभेदारांना रडू फुटलं. चारचौघांत कधी डोळे न पुसलेला माणूस. आपण रडतोय याचाच त्याला राग आला, आणि त्या रागात आणखी रडू आलं. पण खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या नऊ ताटांमधलं एक तरी आपण जेवायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

"गुन्हा आहे हा," ते पुन्हा म्हणाले, पण आता हळू.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पायरीपाशी गेले. तिथं सुभेदारांचे बूट होते, एका रेषेत, टोकं मठाकडे. ऐंशी पार केलेला तो म्हातारा कण्हत वाकला, दोन्ही बूट उचलले आणि टोकं रस्त्याकडे करून ठेवले.

"अहो बुवा! हे काय... तुम्ही कशाला..." सुभेदार अनवाणी धावले.

बुवा सावकाश सरळ झाले.

"नऊ वर्षं गुन्हा घडतोय, सुभेदार, आणि तू तक्रार घेऊन माझ्याकडे येतोस? रविवारी जातीनं जा, आणि ऐन गिनतीत पकड त्याला."